हाताची सवय

“अगं, दाबू नको. नुसतं टेकव,” द्वारका म्हणाली. “कापायचं न्हाईच मुळी. सोडवायचं.”

मी स्काल्पेल घट्ट दाबून धरलं होतं. समोर डिसेक्शनच्या टेबलावर एका अनोळखी माणसाचा उजवा तळहात उताणा पडला होता, फॉर्मॅलिनमध्ये मुरून चामड्यासारखा तपकिरी झालेला. आमच्या टेबलावर मुली दोघीच, म्हणून हा हात आम्हा दोघींच्या वाट्याला आला होता. बाकीची मुलं पलीकडच्या हातावर आणि खांद्यावर वाकली होती. डोळे चुरचुरत होते. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, अंगठ्याच्या उंचवट्याशी एक बारीक नस वळून स्नायूत शिरते, ती जपा. ते पान मला तोंडपाठ होतं. पण पान वेगळं आणि हा हात वेगळा. इथं सगळंच एका रंगाचं, एकमेकांत गुंतलेलं.

“मला काहीच दिसत नाहीये गं,” मी म्हणाले.

“दे इकडं.”

तिनं पातं उलटं धरलं आणि त्याच्या मागच्या बोथट बाजूनं चरबी हळूहळू बाजूला सारायला लागली. ती बघत हाताकडे नव्हतीच. मान जरा कलती करून, काहीतरी ऐकत असल्यासारखी उभी होती. पाच-सात मिनिटांनी तिनं चिमट्यानं एक पांढरट दोरा उचलून दाखवला. जाडीला शिवायच्या दोऱ्याएवढा आणि लांबीला नखाएवढासुद्धा नाही.

“ही बघ. अंगठ्याकडं चाललीये.”

त्या दिवशी बारा टेबलांपैकी अकरा टेबलांवर ती नस कापली गेली होती. मुजावर सर फिरत फिरत आमच्याकडे आले, चष्मा वर करून बघितलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

ही गोष्ट एकोणीसशे नव्वद सालची. मी शिरपूरची. वडील हायस्कूलला हेडमास्तर. दहावीला मी तालुक्यात पहिली, बारावीला केंद्रात पहिली. आमच्याकडे सर फळ्यावर प्रश्न लिहायचे, खाली उत्तर लिहायचे आणि आम्ही ते पाठ करायचो. परीक्षेत तोच प्रश्न यायचा. मला वाटायचं, अभ्यास म्हणजे हाच. मेडिकलला आल्यावर पहिल्या महिन्यात कळलं की इथं उत्तर कुणीच लिहून देत नाही. पुस्तकं उशाएवढी. लेक्चर एकदा व्हायचं, परत म्हणून नाही. पहिल्या पार्टला, म्हणजे वर्षातल्या पहिल्या तोंडी परीक्षेला, मी खांद्याच्या सगळ्या स्नायूंची नावं क्रमानं धडाधडा म्हणून दाखवली. मुजावर सरांनी एक हाड हातात दिलं आणि विचारलं, “हे डावं का उजवं?” मी ते नुसतं उलटंपालटं करत राहिले. शंभरात अडतीस मार्क पडले. पास व्हायला पन्नास लागायचे. घरी पत्रात लिहिलं, अजून मार्क लागले नाहीत.

द्वारका खराटे लासूरची. तिला त्या पार्टला एकतीस पडले होते. तिचं दुखणं माझ्या उलटं होतं. हाड हातात घेतलं की डोळे मिटून सांगायची, कुठल्या बाजूचं, कुठला भाग वर. पण सांगायची मराठीत. इंग्रजीत वाक्य करायला गेली की दोन शब्दांनंतर अडायची. तिच्या गावच्या कॉलेजात विज्ञान मराठीतच समजावून देत आणि इंग्रजी उत्तरं पाठ करून घेत. ती बारावीच्या परीक्षेपुरती पुरली.

त्या तळहाताच्या दिवशी हात धुताना मी तिला विचारलं, “तुला हे येतं कसं?”

तिनं नळ बंद केला. आजूबाजूला बघितलं.

“आमचं मटणाचं दुकान हाये. सातवीपासून मी अण्णाच्या शेजारी बसती. सांधा कुठं सुटतो, शीर कुठनं जाती, अण्णा दाखवायचा. पण तेवढ्यानं न्हाई येत बरं का. माझा भाऊबी बसतो तिथं. त्याला तोडता येतं, सांगता येत न्हाई. मी घरी वहीत काढून ठेवायची, कुठल्या शिरेनं कुठलं मास हालतं ते.” मग खालच्या आवाजात म्हणाली, “इथं कुणाला सांगू नको. पोरं नावं पाडतील.”

“नाही सांगणार.”

दुसऱ्या दिवसापासून आमचा करार ठरला. सकाळी सहाला होस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसायचं. ती बाही वर करून स्वतःच्या हातावर बॉलपेननं नसा काढायची आणि बोलत राहायची. “आता हिथं काच घुसली समज. मग काय जाईल? बोटं मिटतील. पण अंगठा बाकीच्या बोटांम्होरं यायचा न्हाई. का? कारण त्याला तिकडं वढणारी जी शाखा हाये ती गेली.” मी ऐकायची आणि पहिल्यांदाच मला ते दिसायचं. मग मी त्याची इंग्रजी वाक्यं करून तिला द्यायची आणि ती घोकायची. मी तिला वाक्यं द्यायची, ती मला शरीर द्यायची. आठ वाजता खाली उतरताना तिचा डावा हात कोपरापर्यंत निळा झालेला असायचा. मेसमधल्या बाई म्हणायच्या, “अगं पोरी, शाळेतल्यागत हातावर काय लिहितीस?”

टर्मिनलच्या लेखी परीक्षेला मला एकसष्ट मिळाले. यादी बघून मी गच्चीवर पळत गेले. द्वारका तिथंच होती.

“मला चव्वेचाळीस,” ती म्हणाली. “पण एक प्रश्न पुरा लिहिला गं. काचेचा. सगळाच्या सगळा. पंचवीसला बावीस दिलेत.”

बाकीचे प्रश्न तिनं अर्धे सोडले होते, कारण त्यांची वाक्यं आम्ही केली नव्हती. वेळच पुरला नव्हता. पन्नासच्या आत असणाऱ्यांचे युनिव्हर्सिटीचे फॉर्म अडवणार, अशी नोटीस लागली होती. फॉर्म अडला की सहा महिने मागे. आपली बॅच पुढे निघून जायची आणि आपण एकटं मागच्या बॅचमध्ये बसायचं.

चार दिवसांनी दुपारच्या सुट्टीत शिपाई निरोप घेऊन आला. निकुंभ आणि खराटे, दोघींना मुजावर सरांनी बोलावलंय.

सरांच्या खोलीला दाराऐवजी हिरवा पडदा होता. बाहेर बाकडं. “निकुंभ, तू आधी ये,” आतून आवाज आला. द्वारका बाकड्यावर बसली. मी आत गेले. सरांसमोर दोन उत्तरपत्रिका उघड्या होत्या. कोपऱ्यातल्या टेबलावर सरांच्या हाताखालचे एक डेमॉन्स्ट्रेटर डबा खात होते.

“बस. हे वाच,” सर म्हणाले.

काचेच्या प्रश्नाचं उत्तर होतं. एक माझं, एक तिचं. वाक्यन् वाक्य सारखं. मी एके ठिकाणी स्पेलिंग चुकले होते, तेही तिथं तसंच.

“कॉपी नाही, मला माहीत आहे,” सर म्हणाले. “ती पहिल्या बाकावर होती, तू शेवटच्या. म्हणजे तुम्ही एकत्र अभ्यास करता.”

“हो सर.”

“चांगलं आहे. पण मला एक सांग. हे उत्तर नुसतं पाठांतर नाही. हात समजलेल्या माणसानं केलेली मांडणी आहे. हे समजलं कुणाला? तुला का तिला?”

सरांनी माझा जुना कागद पुढे ओढला. “तुझे पहिल्या पार्टला अडतीस होते. आता एकसष्ट. चांगली गोष्ट आहे. पण मला कळायला पाहिजे, ही सुधारणा कुठून आली. तिचे बाकीचे प्रश्न बघितले तर वाटतं, या मुलीला काही येत नाही. पण टेबलावर मी तिचे हात बघतो. तिथं तर ती तुम्हा सगळ्यांच्या पुढे आहे. खराटेला खरंच समजतं का?”

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते मी आजवर पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. मला वाटलं, हे माझे एकसष्ट काढून घेणार. तिला समजतं म्हटलं, की मला समजत नाही असं होणार. ते हाड पुन्हा माझ्या हातात देणार, “डावं का उजवं?” विचारणार. वडिलांना मी कालच पत्र टाकलं होतं, पास झाले म्हणून. फक्त “हो” म्हणायचं होतं.

मी म्हणाले, “सर, तिच्या वडिलांचं मटणाचं दुकान आहे. ती लहानपणापासून तिथं बसते. हाताला सवय आहे तिच्या.”

खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

डेमॉन्स्ट्रेटरांचा घास हातात राहिला. सरांनी पेनला टोपण लावलं.

“अच्छा,” ते म्हणाले. “सवय होय. जा. तिला पाठव.”

मी पडदा बाजूला केला. बाकडं पडद्याला अगदी लागून होतं. द्वारका उभीच होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, ओढणी नीट केली आणि आत गेली. दोन मिनिटांत बाहेर आली.

“काय विचारलं?” मी म्हणाले.

“दुकान कुठं हाये, विचारलं.”

“अजून?”

“अजून काही न्हाई. म्हणाले, जा.”

होस्टेलपर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढं चालत राहिली. मी पाऊल भरभर उचललं की तीही उचलायची. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी गच्चीवर गेले. ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यात यादी लागली. अडवलेल्या फॉर्मांमध्ये तिचं नाव पाचवं होतं. आणि त्याच सुमाराला टेबलावरच्या एका मुलानं तिला म्हटलं, “खराटे, पाव किलो कलेजी मिळेल का?” सगळे हसले. डबा खाताना ऐकलेलं त्या डेमॉन्स्ट्रेटरांनी कुणाला तरी सांगितलं असणार. पण ते त्यांच्या कानावर माझ्याच तोंडून पडलं होतं. द्वारकानं चिमटा ट्रेमध्ये ठेवला, हात धुतले आणि गेली. त्यानंतर ती टेबलाशी यायची, पण हात मागे बांधून उभी राहायची. मुख्य शिरा मी एकटीनं सोडवायला घेतल्या आणि दोन कापल्या.

शिमग्याच्या सुट्टीला ती घरी गेली. परत आली नाही.

एका सोमवारी व्हिजिटर्स रूममधून निरोप आला, निकुंभला भेटायला कुणीतरी आलंय. पांढरा सदरा, पायजमा आणि डोक्याला टोपी घातलेले एक उंच गृहस्थ उभे होते. खुर्ची रिकामी होती तरी बसले नव्हते.

“मी द्वारकाचा बाप,” ते म्हणाले. “तिची ट्रंक न्यायला आलो. आज दुकान बंद असतंय.”

मी तिच्या खोलीतून ट्रंक आणि वळकटी आणून दिली. त्यांनी ट्रंक उघडून बघितली नाही. माझ्याकडेच बघत राहिले.

“तूच ज्योत्स्ना व्हय? पोरगी लई नाव घ्यायची तुझं. पत्रात निम्मं तुझंच असायचं. तू इंग्रजी शिकवतीस तिला म्हणून. तुझे उपकार हायेत, बाई.”

मी ट्रंक त्यांच्याकडे सरकवली.

“एक विचारू का? खरं सांग.” त्यांनी टोपी काढून हातात घेतली. “ती घरी काही बोलत न्हाई. नुसती म्हणती, अण्णा, मला झेपत न्हाई. मला इश्वास बसत न्हाई. हिला न झेपणारं मी अजून बघितलं न्हाई. तू तिच्याबरोबर होतीस. तिला खरंच झेपत न्हाई का? झेपतं म्हणालीस तर मी तिला हात धरून परत आणतो. न्हाई म्हणालीस तर नाद सोडतो. उगं पोरीला कशाला तरास?”

म्हणजे तिनं घरी सांगितलंच नव्हतं. माझं नाव तसंच चांगलं ठेवलं होतं. खरं सांगितलं असतं, तर मी सरांपाशी काय बोलले तेही सांगावं लागलं असतं. व्हिजिटर्स रूममध्ये आणखी दोन मुली आपल्या आईवडिलांशी बोलत होत्या. त्या आमच्याकडे बघत होत्या.

“अवघड आहे, काका, इथलं,” मी म्हणाले. “सगळ्यांनाच नाही झेपत.”

त्यांनी मान हलवली. टोपी डोक्याला घातली, वळकटी काखेत मारली, ट्रंक उचलली. “बरं झालं खरं सांगितलंस,” म्हणाले. “शिक चांगली.” आणि फाटकाकडे चालू लागले.

पुढं मी शिकले. रडतखडत, पण शिकले. शेवटच्या वर्षी मुजावर सरांची बदली झाली, तेव्हा आम्ही चार-पाच जण त्यांना भेटायला गेलो होतो. निघताना त्यांनी मला थांबवलं.

“ती लासूरची मुलगी. परत काही कळलं तिचं?”

“नाही सर.”

“त्या दिवशी मी तुला एवढ्याचसाठी बोलावलं होतं,” ते म्हणाले. “तिला समजतंय एवढं जरी कुणी सांगितलं असतं, तरी तिची तोंडी परीक्षा मी पुन्हा मराठीत घेऊन तिचा फॉर्म सोडणार होतो. डिपार्टमेंटच्या हेडना मी तयार केलं होतं. कागद टाइप करून ठेवला होता.” त्यांनी चष्मा पुसला. “तू सवय म्हणालीस आणि मलाही ते पटलं. चूक माझीच. एक हाड हातात देऊन तिलाच विचारायला पाहिजे होतं. मी दुकान कुठं आहे ते विचारत बसलो.”

मी हे कुणाला सांगितलं नाही. लग्न झालं, मूल झालं, औरंगाबादेत दवाखाना टाकला. लासूर तिथून तासाभराच्या वाटेवर. एवढी वर्षं मी त्या वाटेला गेले नाही. मग दोन हजार अकरा साली तिथं आरोग्य शिबिर निघालं आणि यादीत माझं नाव आलं. नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं नाही.

शिबिर आटोपल्यावर विचारत विचारत गेले. स्टेशनच्या रस्त्याला दुकान होतं. आत ती होती. अंगानं भरली होती, कपाळावरचे केस पिकले होते. समोर गिऱ्हाईक बसलेलं. तिच्या हातातली सुरी सांध्यात शिरली आणि कुठंही न अडता बाहेर आली.

“ज्योत्स्ना ना तू?” तिनं लगेच ओळखलं. “चष्मा लागला की.”

नवऱ्याला गल्ल्यावर बसवून तिनं हात धुतले आणि मला मागच्या घरात नेलं. अण्णा सहा वर्षांपूर्वी गेले, म्हणाली. ती गावातच दिली होती. अण्णांमागं दुकान तिच्याकडे आलं, भाऊ पुण्याला कंपनीत लागला. तिनं चहा टाकला. मी वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरून गेले होते.

“द्वारका, त्या दिवशी मी सरांना—”

“ऐकलं होतं मी.”

“मी चुकले. अण्णांशीही मी खोटं बोलले.”

“ते मला ठाव न्हाई, अण्णाला काय म्हणालीस. तो सांगायचा, त्या पोरीनं खरं काय ते सांगितलं.” तिनं चहा कपांत ओतला. “दुकानाचं सांगितलंस त्याचा राग नव्हता गं. दुकान होतंच. पोरं चार दिवस हसली असती आणि गप बसली असती. पण तू सवय म्हणालीस. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी भांडले असते. तू तर रोज गच्चीवर माझ्याम्होरं बसायचीस. मला वाटलं, हिलाबी असंच वाटतंय, म्हंजे तसंच असंल. आपल्याला डोकं न्हाई, नुसता हात हाये. मग कशाला राहायचं?”

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं. मी चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात दारात एक मुलगी आली. पंधरा-सोळाची, आईसारखीच मान कलती. “ही ऋतुजा, माझी धाकटी,” द्वारका म्हणाली. “दहावी दिली आता. ये, ही ज्योत्स्ना मावशी. डॉक्टर हाये.”

तिनंही कप घेतला, माझ्या समोर बसली आणि जरा वेळ चुळबुळ करून म्हणाली, “मावशी, सायन्स घेऊ का? घ्यायचंय मला. पण लई अवघड असतंय का? आई म्हणती, ती गेली होती पुढं, पण तिला झेपलं न्हाई.”

द्वारका माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती.

“अवघड असतं,” मी म्हणाले. “सुरुवातीला तर कुणालाच काही कळत नाही. मलाही कळत नव्हतं. तुझ्या आईला कळायचं. आमच्या सगळ्या वर्गात तिला सगळ्यात जास्त कळायचं. मला तिनं शिकवलं, म्हणून मी डॉक्टर झाले. तिला झेपलं नाही हे खोटं आहे. ते खोटं मी बोलले होते.”

ऋतुजानं आईकडे वळून बघितलं. द्वारका उठली.

“चहा उतू जाईल,” म्हणाली आणि आत गेली.

चहा आम्हा तिघींच्या कपांत होता. ती बराच वेळ बाहेर आली नाही.